गाडी ठोकली गेली, आता गॅरेज कोण ठरवणार?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजच्या शिबिराच्या पत्रिकेवर 'अपघातातली गाडी आणि गॅरेजची निवड' हा विषय वाचून काहीजणींना वाटलं असेल, की हे मधेच कुठून आलं? हुंडा, पोटगी, रेशन, पाणी हे आपले विषय. गाडी म्हणजे पैसेवाल्यांचा विषय आणि गॅरेज म्हणजे पुरुषांचा. सकाळी चहाच्या वेळी एका मावशींनी मला विचारलंही, "ताई, आमच्या दारात सायकल नाही, आम्ही कशाला गॅरेज निवडू?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देते.

आपल्याच गटांकडे पाहा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या बायका आपल्यात आहेत. भाजीचा टेम्पो घेतलेल्या आहेत, जुनी गाडी घेऊन टॅक्सी परवान्यावर चालवणाऱ्या आहेत. मुंबईत रेवती रॉय यांनी २००७ साली 'फॉरशे' ही बायकांनी चालवलेली टॅक्सीसेवा सुरू केली, तेव्हा ती बातमी झाली होती. २०२३ साली एस.टी. महामंडळाची बस पहिल्यांदा बाईने चालवली, तीही बातमी झाली. अशा बातम्यांत बाईचा स्टीअरिंगवर बसलेला फोटो येतो. पण त्या गाडीला एखाद्या दिवशी मागून ट्रक ठोकतो, तेव्हा पुढे काय होतं, हे बातमीत येत नाही. ते आपल्याकडे येतं, केस म्हणून.

मी ज्या केंद्रात काम करते तिथे अशी एक बाई आली होती. शाळेची व्हॅन चालवायची. चौदा मुलं. व्हॅनचं कर्ज तिच्या नावावर, हप्ता तीच भरायची. चौकात थांबलेली असताना मागून एका टेम्पोने धडक दिली. नशिबाने व्हॅन रिकामी होती. पाच मिनिटांत गर्दी जमली, दहा मिनिटांत क्रेनवाला हजर. नवऱ्याला फोन झाला, नवऱ्याने मित्राला फोन केला, मित्राने क्रेनवाल्याशी बोलून टाकलं. गाडी गेली. ही रिक्षाने घरी आली. गॅरेजचं नाव तिला चौथ्या दिवशी कळलं. तोवर मागचा दरवाजा काढून झाला होता आणि विमा कंपनीला कोणी कळवलंच नव्हतं. गाडी सव्वीस दिवस उभी राहिली. तेवढ्या काळात पाच मुलांच्या पालकांनी दुसरी व्हॅन लावली. हप्ता मात्र थांबला नाही.

यात कोणी मुद्दाम वाईट वागलं असं मी म्हणत नाही. नवऱ्याने मदतच केली, असं तोही म्हणतो आणि तीही म्हणते. पण गाडी तिची, कर्ज तिचं, रोजगार तिचा, आणि सगळ्यात महागडा निर्णय झाला तेव्हा तिला कोणी विचारलंही नाही. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. गाडी कुठे दुरुस्त करायची हा निर्णय गाडीवर जिचं पोट आहे तिचा आहे, आणि तो घेण्यासाठी इंजिनाचं शास्त्र यावं लागत नाही. काही गोष्टी कोणत्या क्रमाने करायच्या आणि कोणत्या कागदावर करून घ्यायच्या, हे ठाऊक असावं लागतं.

पहिला तास

अपघातानंतर पहिली काळजी माणसांची. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम १३४ असं सांगतं, की कोणी जखमी असेल तर वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. विमा कंपनीलाही कळवायचं आहे. हे चालक बाईलाही लागू आहे. "घरातले पुरुष येऊ देत, मग बघू" असं म्हणून चालत नाही.

मग फोटो. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी, नंबर प्लेटसकट, दुसऱ्या गाडीचेही. साक्षीदाराचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या.

यानंतर क्रेनवाला. हा सगळ्यात नाजूक क्षण, कारण आपण थरथरत असतो आणि समोरचा माणूस मदतीला आलेला असतो. काही क्रेनवाल्यांचं काही गॅरेजशी कमिशन ठरलेलं असतं. म्हणून त्याला एकच वाक्य सांगायचं: "गाडी कुठे न्यायची ते मी सांगते." दुरुस्तीचं गॅरेज त्या क्षणी ठरलं नसेल तरी घाबरायचं कारण नाही. घरापाशी न्या, ओळखीच्या सुरक्षित जागी न्या. फक्त रस्त्यात ठेवू नका. गॅरेज उद्या निवडता येतं. एकदा गाडी कुणाच्या आवारात शिरून उघडली गेली, की तिथून ती काढणं जड जातं. आपल्या विमा पॉलिसीवर हेल्पलाइनचा नंबर असतो. गाडी उचलून नेण्याची सोय पॉलिसीत असेल तर तिथूनच मिळते. तो नंबर आजच वहीत लिहून ठेवा.

पावसाळ्यातली एक गोष्ट. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत आणि २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी ओसरल्यावर चालू करून पाहायची नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर इंजिन आतून मोडतं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा धरलं जात नाही. शेजारचा माणूस म्हणेल, "वहिनी, एकदा मारून तर बघा." तुम्ही नाही म्हणायचं.

गॅरेज तीन प्रकारचं

ढोबळमानाने तीन पर्याय असतात. पहिला, गाडी बनवणाऱ्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. दुसरा, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं मोठं वर्कशॉप, ज्याचा विमा कंपन्यांशी करार असतो. तिसरा, आपल्या नाक्यावरचं गॅरेज. यातला एक चांगला आणि बाकीचे वाईट, असं नाही. नुकसान कसलं आहे, यावर ते ठरतं.

बंपर फुटला, दरवाजा चेपला, रंग गेला, एवढंच असेल तर ते पत्र्याचं आणि रंगाचं काम आहे. ते नाक्यावरचा चांगला कारागीर कमी पैशांत करतो. पण धडक जोरात असेल, गाडी सरळ चालवताना एका बाजूला ओढत असेल, दरवाजा नीट लागत नसेल, चाकाच्या वरची फट दोन बाजूंना वेगळी दिसत असेल किंवा एअरबॅग उघडली असेल, तर गाडीचा सांगाडा वाकलेला असू शकतो. त्या कामाला मोजमाप करून सांगाडा ओढणारं यंत्र लागतं. ते नसलेल्या ठिकाणी वरून रंग छान लागेल, पण आत दोष राहील, आणि त्या गाडीत उद्या मुलं बसणार आहेत. गाडी नवी असेल, वॉरंटी चालू असेल, तर अधिकृत सेंटरचा विचार आधी करावा.

सुटे भाग अधिकृत सेंटरमध्येच महाग का मिळतात, यामागे राजकारण आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या वरच्या न्यायालयांत गेल्या, पुढे दंडाच्या रकमा बदलल्या. पण मूळ प्रश्न उघड झाला. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं पोर्टलही काढलं. म्हणजे "आमच्याकडेच यावं लागेल" हे वाक्य ऐकल्याबरोबर खरं मानू नका.

कोणतंही गॅरेज ठरवण्यापूर्वी स्वतः तिथे जा आणि पाहा. तिथे आत्ता आपल्याच प्रकारच्या गाड्यांचं काम चालू आहे का? रंगासाठी बंद खोली आहे, की रस्त्याच्या धुळीत रंग मारतात? पक्कं बिल देतात का? केलेल्या कामाची लेखी हमी देतात का? गाडी रात्री आत राहते की रस्त्यावर? तयार झालेली एखादी गाडी उन्हात उभी असेल तर तिच्या कडेने तिरकं पाहा. रंगात लाटा दिसल्या, एका दरवाजाचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसला, तर काम कसं होतं ते कळलंच.

आणखी एक गोष्ट आपण पाहायची, जी बाकीचे पाहत नाहीत. चाकाशी पाना घेऊन बसलेला 'छोट्या' किती वर्षांचा आहे? १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. कुटुंबाच्या कामात शाळा सांभाळून केलेली मदत आणि बालकलाकार एवढे अपवाद सोडले, तर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. स्वस्त दुरुस्ती कुणाच्या बालपणावर चालली असेल, तर ती आपल्याला स्वस्त म्हणता येणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांनी लक्षात ठेवा.

विमा: समजेल तेवढा, पण नक्की

आता पैशाचं. कायद्याने सक्तीचा असतो तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा. आपल्या गाडीची दुरुस्ती त्यातून होत नाही. त्यासाठी 'स्वतःच्या नुकसानीचा' भाग पॉलिसीत असावा लागतो. ही पहिली तपासणी आजच घरी जाऊन करा.

तो भाग असेल, तर दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवायचं आणि सर्व्हे होऊ द्यायचा. मघाच्या व्हॅनचा दावा इथेच अडला. आधीच उघडलेल्या गाडीचं नुकसान मोजायचं कसं, असं कंपनीने विचारलं. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली ठरवून दिलेल्या मुदती अशा आहेत: दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. सर्व्हेअर येईल तेव्हा तुम्ही हजर राहा. गॅरेजवाला आणि सर्व्हेअर दोघांनी बाजूला जाऊन बोलायचं आणि आपण बाकावर बसायचं, असं होऊ देऊ नका.

'कॅशलेस' म्हणजे कंपनी गॅरेजला परस्पर पैसे देते. ही सोय कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्येच मिळते. पण यादीतच गेलं पाहिजे, अशी साधारणपणे सक्ती नसते. बाहेर दुरुस्त केली तर पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं दाखवून परत मिळवायचे. काही पॉलिसींत बाहेर गेल्यास जास्त कपात लिहिलेली असते, ती वाचावी. ज्या बाईच्या हातात आज रोकड नाही, तिला कॅशलेसच परवडेल. तो विचार करून गॅरेज निवडणं हाही शहाणपणाचाच भाग आहे.

कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे. साध्या पॉलिसीत घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के. काचेवर काही नाही. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, पुढे वाढत जाऊन चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. हिशोब करून पाहू. खासगी गाडी साडेचार वर्षांची. बंपर ६,००० रुपये, दरवाजा १०,००० रुपये, मजुरी ५,००० रुपये. एकूण २१,०००. बंपरचे ३,००० मिळतील, दरवाजाचे ६,५००, मजुरी पूर्ण ५,०००. झाले १४,५००. त्यातून सक्तीची कपात, १५०० सी.सी.पर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये. हातात १३,५००. उरलेले ७,५०० आपले. रंगाचा आणि कराचा हिशोब मी सोपेपणासाठी सोडला आहे. घसारा न कापणारी पॉलिसी जादा हप्ता भरून मिळते, पण ती अपघाताआधी घ्यावी लागते.

नुकसान लहान असेल तर दावा करूच नये, असंही होऊ शकतं. दावा न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात सवलत मिळते, पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. दावा केला की ती शून्यावर येते. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के सवलत आहे. म्हणजे तुम्ही ४,००० भरता. तीन हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा केलात, तर पुढच्याच वर्षी ४,००० जास्त जातील. "विमा आहे ना, टाका क्लेम" असं काउंटरवरचा माणूस म्हणेल. तुम्ही आधी वहीत आकडे मांडा.

दोन सूचना धंद्याच्या गाडीसाठी. काही व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत बंपर, दिवे, मडगार्ड, रंग हे वगळलेले असतात आणि जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. आणि खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवत असाल, तर अपघात झाल्यावर कंपनी दावा नाकारू शकते.

कागदावर नाव कुणाचं?

आता ज्यासाठी मी हा विषय मुळात मागून घेतला, तिथे येते.

आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका बाईने बचत गटाचं कर्ज काढून जुनी गाडी घेतली. दीराने सांगितलं, "वहिनी, आर.टी.ओ.च्या चकरा तुम्हाला कशाला? दादाच्या नावावर करू." नोंदणी नवऱ्याच्या नावावर, विमा नवऱ्याच्या नावावर. पुढे मारहाण वाढली आणि ती माहेरी आली, गाडी घेऊन आली. गाडीवरच तिचं आणि दोन मुलांचं चाललं होतं. मग अपघात झाला. दाव्याच्या अर्जावर सही कोणाची? नवऱ्याची. पैसे कोणाच्या खात्यात? नवऱ्याच्या. त्याने सांगितलं, "घरी परत ये, मग सही करतो." अधिकृत सेंटरने मालकाच्या संमतीशिवाय काम सुरू करायला नकार दिला. नियमाने ते बरोबरच होतं. चेपलेल्या गाडीवरून तिच्या घरी परतण्याचा सौदा चालू झाला.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ आर्थिक छळालाही हिंसाच मानतो, आणि आम्ही त्या वाटेने संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. पण तिला गाडी पुढच्या सोमवारी हवी होती आणि कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यातली होती. शेवटी गटातल्या बायकांनी वर्गणी काढली आणि नाक्यावरच्या गॅरेजमध्ये रोखीने, विम्याशिवाय, जेवढी चालेल तेवढी गाडी केली.

म्हणून आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अपघातानंतर गॅरेज निवडण्याचा हक्क कोणाला राहील, हे गाडी घेताना ठरतं. नोंदणी-पुस्तकावर नाव जिचं, पॉलिसीवर नाव जिचं, तिलाच पुढे सही करता येते. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर नोंदणी बदलून घ्या आणि विमाही आपल्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत अर्ज द्या. नाहीतर हप्ता तुम्ही भराल आणि स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र फेटाळला जाईल. बँक खात्याचा नंबरही आपलाच द्या. गाडीसाठी कर्ज देताना आपल्या गटांनी नोंदणी बाईच्या नावावर असण्याची अट घातली पाहिजे. घर आणि सातबारा यांवर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडत आलो. नोंदणी-पुस्तक हाही तसलाच कागद आहे.

काउंटरवर

आता प्रत्यक्ष गॅरेजमध्ये. बाईला जास्त भाव सांगतात, हा आपला अनुभव. काही लोक म्हणतात तो आपला संशय. अमेरिकेत संशोधकांनी हे तपासलं. २०१३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बायका आणि पुरुष अशा दोघांनी गॅरेजना फोन केले, गाडी तीच, बिघाड तोच, रेडिएटर बदलण्याचा. "किती खर्च येतो मला माहीत नाही" असं म्हटल्यावर पुरुषांना सरासरी ३८३ डॉलर सांगितले आणि बायकांना ४०६. पण फोन करणारीने "साधारण इतके पडतात असं ऐकलंय" म्हणून एक आकडा सांगितला, की बाई-पुरुष हा फरक उरला नाही. शिवाय कमी करा म्हटल्यावर बायकांना कमी करून मिळण्याचं प्रमाण पुरुषांहून जास्त होतं. देश वेगळा आहे, पण धडा आपल्या कामाचा आहे. अंदाजे भाव आधी माहीत करून घ्यायचा, आणि तो माहीत आहे हे बोलून दाखवायचं. म्हणजे एकाच नुकसानीचे दोन-तीन ठिकाणांहून अंदाज घ्यायचे, आणि लेखी घ्यायचे.

लेखी अंदाजात काय हवं, ते लिहून घ्या. कोणते भाग बदलणार आणि कोणते ठोकून सरळ करणार, हे वेगवेगळं. बदलायचा भाग कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचा की जुना. प्रत्येकाची किंमत. मजुरी वेगळी. कर वेगळा. गाडी देण्याची तारीख. आणि एक ओळ आपल्या हाताने: "याव्यतिरिक्त काम निघाल्यास आधी मला कळवून माझी संमती घ्यावी." गाडी उघडल्यावर आतलं नुकसान दिसतं, हे खरं आहे. वाढीव खर्च नेहमी फसवणूकच असते असं नाही. पण तो कळवला पाहिजे, फोटो पाठवला पाहिजे.

गाडी देताना किलोमीटरचा आकडा, पेट्रोलची पातळी, जादा चाक, टेप, हे सगळं जॉब कार्डवर नोंदवा. घराच्या किल्ल्या आणि मूळ कागद गाडीत ठेवू नका, कागदांच्या प्रती द्या. बदललेले जुने भाग परत मागा. विम्याच्या कामात ते कंपनी ठेवून घेते, तरी पाहायला मागा. गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्या, चालवून पाहा, सगळे दिवे लावून पाहा, आणि मग पैसे द्या.

सोबत कोणी हवं असेल तर गटातली दुसरी बाई न्या. पुरुष सोबत आला, की तो गप्प असला तरी समोरचा माणूस त्याच्याशीच बोलतो. दुसरी बाई असेल तर एक बोलते, दुसरी लिहिते. लिहिणारी बाई दिसली की बोलणं आपोआप जपून होतं.

बिघडलंच तर

काम वाईट झालं, बिल फुगलं, तर काय? इथे एक कायदा माहीत हवा. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून "बिल चुकीचं आहे, पैसे देत नाही, गाडी द्या" हे भांडण आवारात उभं राहून जिंकणं कठीण. गाडीवर पोट असेल तर बिलावरच "हरकत नोंदवून रक्कम भरत आहे" असं लिहा, प्रत घ्या, गाडी बाहेर काढा आणि मग तक्रार करा.

तक्रार कुठे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने एक मोठी सोय केली: तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. भांडण विमा कंपनीशी असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्याचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यात आहे, आणि तिथेही फी नाही. या सगळ्यांत एकच गोष्ट चालते ती म्हणजे कागद. तोंडी आश्वासन तिथे कोणी ऐकत नाही.

आपण मिळून काय करू शकतो

एकेकटीने हे सगळं करायचं म्हटलं तर ओझं आहे. म्हणून तीन प्रस्ताव मांडते, त्यांवर दुपारी गटचर्चा करू.

पहिला, गॅरेजची वही. प्रत्येक गटाने एक वही ठेवायची. कोणत्या गॅरेजमध्ये कोणतं काम केलं, अंदाज किती, बिल किती, तारीख पाळली का, वागणूक कशी. वर्षभरात त्या वहीतून आपल्या भागातला भाव कळेल आणि चांगला कारागीरही कळेल. चांगलं वागणाऱ्या मेस्त्रीला आपल्याकडून काम जाईल, त्याचंही भलं आहे. तोही हातावर पोट असलेला माणूस आहे, तो आपला शत्रू नाही.

दुसरा, गाडी उभी राहिली की बुडणाऱ्या रोजगारासाठी गटात छोटा निधी. पाच मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये गेली ती दुरुस्तीच्या खर्चामुळे गेली नाहीत, सव्वीस दिवसांमुळे गेली. भाड्याची गाडी लावायला आठवड्याचे पैसे असते तर ती टिकली असती.

तिसरा, हातात पाना घेण्याचा. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरमध्ये शांतीदेवी यांनी वर्षानुवर्षं ट्रकची चाकं खोलली आणि टायर दुरुस्त केले. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आय.टी.आय.मध्ये आहे. आपल्या मुलींना शिवणकामाच्या वर्गाचा फॉर्म भरून देताना शेजारचा हा फॉर्मही एकदा वाचून दाखवा.

जाताना दारापाशी अंदाजपत्रकाचा कोरा नमुना ठेवला आहे, तो सगळ्यांनी न्या. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला नोंदणी-पुस्तक आणि पॉलिसी घेऊन या. नाव कुणाचं आहे, मुदत कधी संपते आणि त्यात काय काय वगळलं आहे, हे आपण एकत्र बसून वाचू.